चाळीची टाकी आणि संगणकाच्या खोल्या

ज्या कुटुंबानें चाळींत दिवस काढले आहेत, त्याला पाण्याच्या वांटणीचें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. प्रत्येक बिऱ्हाडाची खोली स्वतंत्र असते, दाराला स्वतंत्र कुलूप असतें, मोरी वेगळी आणि पिंपही वेगळें. टाकी मात्र सर्वांची मिळून एकच. खोलींत केवढें पिंप ठेवावें हें बिऱ्हाडकरू ठरवितो. नळाची तोटी किती रुंद असावी आणि टाकींत पाणी किती चढावें हें घरमालकाच्या हातीं असतें. एखाद्या हौशी गृहस्थानें दहा घागरींच्या पिंपाऐवजीं शंभर घागरींचें पिंप आणून तें भरावयास घेतलें, तर शेजाऱ्यांच्या घरीं सकाळीं तोंड धुवावयास पाणी उरत नाहीं; आणि पाणी कोठें गेलें हें बंद दाराआड बसून कोणालाही कळत नाहीं.

आजचे मोठे संगणक अशाच चाळी झाले आहेत. बँकेचे व्यवहार, आगगाडीचीं तिकिटें, इस्पितळांतील तपासणीचे अहवाल, मुलांच्या परीक्षांचे निकाल अशीं कामें जीं यंत्रें करितात, त्यांपैकीं पुष्कळ यंत्रांत एकाच छपराखालीं दहा, वीस, कधीं शंभर स्वतंत्र खोल्या पाडलेल्या असतात. या खोल्यांना सध्यां ‘कंटेनर’ असें नांव रूढ आहे. प्रत्येक खोलींतील प्रोग्रामला असें वाटत असतें कीं, सारें यंत्र आपल्या एकट्याच्याच मालकीचें आहे. हा भास बऱ्याच बाबतींत इतका हुबेहूब असतो कीं, खोली चालविणारा माणूसही त्याला फसतो. तो कोठें फसतो हें पाहावयाचें असेल, तर जाळ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुरासाठीं जी स्मृति राखून ठेवावी लागते तिच्याकडे पाहावें.

ही राखीव स्मृति लागते तरी कशाकरितां? दोन संगणक एकमेकांशीं बोलतात तेव्हां सबंध मजकूर एकदम जात नाहीं. त्याचीं लहान लहान पाकिटें होतात, आणि तीं ज्या नियमांनीं धाडलीं जातात त्या नियमांना ‘टी.सी.पी.’ म्हणतात. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनीं १९७४ सालीं या नियमांची मूळ कल्पना मांडली आणि १९८१ सालीं तिला पक्कें स्वरूप आलें. पद्धति रजिस्टर टपालासारखी आहे. पाकीट पोंचल्याची पोच परत आल्याशिवाय धाडणाऱ्यानें आपल्याजवळची नक्कल फाडून टाकावयाची नाहीं. कारण पाकीट वाटेंत हरवलें तर तेंच पुन्हां धाडावें लागतें. घेणाऱ्यालाही जागा लागते. पांचवें पाकीट चौथ्याच्या आधीं आलें तर चौथें येईपर्यंत तें बाजूला ठेवावें लागतें, आणि सर्व क्रमवार लागलीं तरी प्रोग्राम येऊन उचलीपर्यंत तीं कोठें तरी सांभाळावींच लागतात. दोन्हीं टोंकांना असलेल्या या सांभाळण्याच्या जागेला ‘बफर’ म्हणतात. चाळींतील पिंप तें हेंच.

घेणारा प्रत्येक पोचेबरोबर आणखी एक गोष्ट कळवितो: माझ्या पिंपांत अजून इतकी जागा आहे. या आंकड्याला ‘विंडो’, म्हणजे खिडकी, म्हणतात. पोच न आलेला मजकूर या खिडकीपेक्षां अधिक होऊं द्यावयाचा नाहीं असा धाडणाऱ्यावर निर्बंध असतो. ही साधी अट वेगाची मर्यादा कशी होऊन बसते तें एका हिशेबानें स्पष्ट होईल. मुंबईहून युरोपांतील एखाद्या शहरीं पाकीट जाऊन त्याची पोच परत यावयास साधारणपणें सेकंदाचा आठवा-दहावा भाग लागतो. हिशेबाच्या सोयीसाठीं दहावा भाग धरूं. १९८१ च्या नियमांत खिडकीचा आंकडा लिहावयास सोळाच घरें होतीं; म्हणून ती फार तर ६५,५३५ बाइटांची होऊं शके. सेकंदाला दहा फेऱ्या, प्रत्येक फेरींत ६५,५३५ बाइट. म्हणजे सेकंदाला साडेसहा लाख बाइट, अथवा बावन लाख बिट. तार मात्र सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेणारी असली, तरी तिचा सुमारें दोनशेंवा हिस्साच वापरला जातो. तार रिकामी, दोन्हीं यंत्रें रिकामीं, आणि काम मात्र खोळंबलेलें! पैसे मोजून घेतलेली रुंद तार निव्वळ पिंप लहान म्हणून वायां जाते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास खरी वाटत नाहीं. भूस्थिर उपग्रहावरून जाणाऱ्या संदेशांची अवस्था तर याहूनही कठीण; तेथें फेरीलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. म्हणून १९९२ सालीं नियमांत सुधारणा होऊन खिडकीचा आंकडा पटीनें वाढविण्याची सोय झाली, आणि ती जवळजवळ एक अब्ज बाइटांपर्यंत जाऊं लागली.

वरच्या तारेचा पूर्ण उपयोग व्हावयास किती बाइट वाटेवर असले पाहिजेत? शंभर कोटी बिटांचा दहावा भाग, म्हणजे दहा कोटी बिट, अथवा सव्वा कोटी बाइट. तारेचा वेग गुणिले फेरीचा काळ, इतकें सरळ त्याचें गणित आहे. नियमांनीं आतां अडथळा केला नाहीं. पण तेवढें पिंप यंत्रानें दिलें पाहिजे.

पिंपाचें माप यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, ठरविते. नेमकें बोलावयाचें तर तिचा गाभा, ज्याला ‘कर्नेल’ म्हणतात. आरंभीं हें माप एकच असे व तें हातानें ठरवावें लागे. पुढें १९९८ सालीं पिट्सबर्ग येथील सुपरकॉम्प्युटिंग केंद्रांतील सेमके, महदवी व मॅथिस या संशोधकांनीं धाडणाऱ्याचें पिंप गरजेप्रमाणें आपोआप वाढविण्याची व आवळण्याची रीति दाखविली, आणि कालांतरानें ‘लिनक्स’ या कार्यप्रणालींत ती दोन्हीं टोंकांना लागू झाली. लिनक्समध्यें घेणाऱ्याच्या पिंपासाठीं ‘टी.सी.पी. आर-मेम’ नांवाच्या नोंदींत तीन आंकडे लिहिलेले असतात. पहिला किमान माप, दुसरा आरंभीचें माप, तिसरा आपोआप वाढतां वाढतां जेथें थांबावयाचें तें कमाल माप. बऱ्याच गाभ्यांत, पुरेशी स्मृति असलेल्या यंत्रावर, हे आंकडे साधारणतः ४,०९६, १,३१,०७२ आणि ६२,९१,४५६ असे आढळतात. धाडणाऱ्याच्या पिंपासाठीं ‘डब्ल्यू-मेम’ नांवाची अशीच दुसरी नोंद असते. वरील हिशेबांतील सव्वा कोटी बाइट आणि हे सुमारें त्रेसष्ट लाख यांची तुलना केली, म्हणजे लांबच्या तारेला जन्मतः मिळणारें पिंप निम्मेंच आहे हें ध्यानांत येतें. शिवाय त्यांतील बराचसा भाग पाकिटांच्या वेष्टनांत व हिशेबठिशेबांतच जातो.

येथें एका मजेदार घोटाळ्याची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. कित्येक प्रोग्राम लिहिणारे अतिसावधपणें गाभ्याला स्वतःच सांगतात, ‘माझें पिंप चाळीस लाख बाइटांचें कर.’ या मागणीवर ‘आर-मेम-मॅक्स’ नांवाची निराळीच एक मर्यादा बसविलेली आहे. ती बहुतेक यंत्रांवर मुळांत २,१२,९९२ असते. गाभा मागणी नाकारीत नाहीं, तक्रारही करीत नाहीं. मुकाट्यानें ती २,१२,९९२ वर छाटतो, वेष्टनासाठीं म्हणून तिची दुप्पट करितो आणि ४,२५,९८४ बाइटांचें पिंप देतो. बरें, एवढ्यावर भागत नाहीं. स्वतः मागणी केली म्हणजे आपोआप वाढण्याची सोय त्या जोडणीपुरती बंद होते. न मागतां जें पिंप साठ लाखांच्या घरांत गेलें असतें, तें चाळीस लाख मागितल्यामुळें सव्वाचार लाखांवर अडकून बसतें! अशा प्रसंगीं दोष कोणाचा म्हणावा? प्रोग्राम लिहिणाऱ्याचा हेतु चांगला, गाभ्याचा नियमही सकारण. परंतु गाभ्यानें नकार तोंडावर न सांगतां दुसरेंच कांहीं हातीं ठेवावें, ही रीति मात्र प्रामाणिक व्यवहाराची म्हणतां येणार नाहीं.

आतां खोल्यांकडे वळूं. एका यंत्राचे विभाग पाडण्याची कल्पना जुनी आहे. १९७९ सालच्या सातव्या युनिक्स आवृत्तींत ‘सीएच-रूट’ ही सोय आली. तिनें प्रोग्रामला फायलींच्या झाडाची एकच फांदी दिसे. ती भिंत फायलींपुरतीच होती. मार्च २००० मध्यें ‘फ्रीबीएसडी’ या कार्यप्रणालीच्या चौथ्या आवृत्तींत पोल-हेनिंग कँप यांनीं तयार केलेला ‘जेल’, म्हणजे तुरुंग, आला. त्यांतील बंदिवानाला स्वतःचा पत्ता मिळाला. परंतु पत्रें आणणारें-नेणारें सारें टपालखातें सर्व तुरुंगांचें मिळून एकच राहिलें. तुरुंगागणिक स्वतंत्र टपालखातें देण्याची सोय तेथें पुढें झाली, आणि ती डिसेंबर २०१८ मधील बाराव्या आवृत्तीपासून ठराविक गाभ्यांत समाविष्ट झाली. सन कंपनीच्या ‘सोलारिस’मध्यें हाच प्रवास थोडक्या काळांत झाला. २००५ सालीं दहाव्या सोलारिसबरोबर ‘झोन’ आले; त्या वेळीं बफरांचीं मापें मुख्य झोनमधूनच बदलावीं लागत व तीं सर्वांना लागू होत. ऑगस्ट २००७ च्या आवृत्तींत झोनला संपूर्णपणें स्वतःचें असें जाळ्याचें खातें घेतां येऊं लागलें, आणि मग मापेंही त्याचीं स्वतःचीं झालीं.

लिनक्सची कथा लांबली. जानेवारी २००८ मध्यें निघालेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून ‘नेटवर्क नेमस्पेस’ आकारास येऊं लागले. नेमस्पेस म्हणजे जाळ्यापुरती खोली. तिला स्वतःचे पत्ते, स्वतःचे मार्ग, स्वतःचे द्वारपाल असतात. पण गाभ्यांतील शेंकडों मापें आजवर एकेकट्या आंकड्याच्या रूपानें लिहिलेलीं होतीं. सबंध यंत्रास एक आंकडा, अशी त्यांची मांडणी होती. तो आंकडा खोलीगणिक वेगळा करावयाचा म्हणजे त्याचा जेथें जेथें उपयोग केला आहे तें प्रत्येक स्थळ शोधून दुरुस्त करावें लागे. हें काम एका झटक्यांत होण्यासारखें नव्हतें. ज्याला ज्या आंकड्याची निकड भासली त्यानें तो फोडला. बाकीचे तसेच राहिले. ‘आर-मेम’ आणि ‘डब्ल्यू-मेम’ हे दोन आंकडे एरिक डुमाझे यांनीं फोडले व ते जानेवारी २०१८ च्या ४.१५ या आवृत्तींत आले. म्हणजे खोली बांधल्यावर दहा वर्षांनीं तिच्या भाडेकरूस स्वतःच्या पिंपाचें माप ठरविण्याचा अधिकार मिळाला.

मधल्या काळांत काय झालें? मार्च २०१३ मध्यें ‘डॉकर’ जगापुढें आला आणि खोल्या पाडण्याचें काम इतकें सोपें झालें कीं, कामकाजाचीं यंत्रें भराभर चाळींत रूपांतर पावूं लागलीं. त्यांपैकीं एका खोलींत दूरदेशीं नकला धाडणारा प्रोग्राम राहात असे. त्याला मोठें पिंप हवें. शेजारच्या खोलींत हजारों जवळच्या ग्राहकांच्या लहान लहान विनंत्यांना उत्तरें देणारा प्रोग्राम असे. त्याला लहान पिंपें पुष्कळ हवींत. दोघांना मिळून एकच माप! खोलींतून तो आंकडा पाहूं जातां ती नोंदच तेथें आढळत नसे. यंत्राच्या मालकाला शरण जाण्यावांचून मार्ग नव्हता, आणि मालकानें एकाचें ऐकलें कीं दुसऱ्याचें बिघडे.

४.१५ नंतर प्रश्न मिटला असें बऱ्याच जणांनीं धरून चाललें आहे. तो अर्धाच मिटला. खोलीला आपला आंकडा मिळाला खरा. परंतु तो तिला कसा मिळतो याचें एक वैशिष्ट्य आहे. खोली जन्मते त्या क्षणीं मूळ घरांत जे ‘आर-मेम’ व ‘डब्ल्यू-मेम’चे आंकडे असतील त्यांची नक्कल तिला मिळते. पुढें मालकानें मूळ घरांतले आंकडे वाढविले तरी आधींच बांधलेल्या खोल्यांत जुनेच राहतात. रात्रीं मालक माप वाढवितो, सकाळीं परीक्षा घेतो, फरक दिसत नाहीं, आणि ‘या मापाचा उपयोग नाहीं’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. खोली पाडून पुन्हां बांधली असती, किंवा खोलींतच आंकडा लिहिला असता, तर फरक दिसला असता. याच्या उलट, येऊं घातलेल्या जोडण्यांची रांग किती लांब असावी हें ठरविणारा ‘सो-मॅक्स-कॉन’ हा आंकडा मुळीं वारशानेंच येत नाहीं. मूळ घरीं तो कितीही वाढविलेला असो, नवी खोली कारखान्याच्या आंकड्यानेंच सुरू होते. तो पूर्वीं १२८ होता व २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ४,०९६ झाला. एका भावाला वडिलांची इस्टेट मिळावी आणि दुसऱ्याला सरकारी दरानें पोटगी, असा हा प्रकार आहे. तो कोणी योजून केला असेल असें वाटत नाहीं. प्रत्येक आंकडा वेगळ्या हातानें, वेगळ्या वर्षीं फोडला गेल्याचा तो परिणाम दिसतो.

जे आंकडे अजून मालकाच्याच हातीं आहेत त्यांत दोन महत्त्वाचे आहेत. पहिला वर आलेला ‘आर-मेम-मॅक्स’. जुन्या गाभ्यांत तो खोलींतून दिसतही नसे; खोलींतून बदलतां तर तो कधींच आला नाहीं. टी.सी.पी.च्या प्रोग्रामनें स्वतः मागणी न करण्याचें शहाणपण दाखविलें तर त्याचें या आंकड्यावांचून अडत नाहीं. पण ‘यू.डी.पी.’ म्हणून दुसरी, साध्या टपालासारखी पद्धति आहे; तिच्या पिंपाला आपोआप वाढण्याची सोयच नाहीं. ही गोष्ट पुष्कळ दिवस फारशी बोंचत नसे, कारण मोठा मजकूर यू.डी.पी.नें क्वचितच जाई. २०२१ सालीं ‘क्विक’ नांवाची नवी नियमावली प्रमाणभूत झाली आणि वेबचीं पानें तिच्यावरून धावूं लागलीं, ती यू.डी.पी.वरच उभारलेली आहे. तेव्हांपासून या आंकड्याला नवें महत्त्व आलें. पाकिटांचा लोंढा एकदम आला आणि पिंप दोन लाखांचेंच असलें, तर वरून वाहणारीं पाकिटें गाभा टाकून देतो. प्रोग्रामला त्याची वर्दी मिळत नाहीं. खोलींतील ‘यू.डी.पी.’च्या नोंदवहींत बफर-चुकांचा एक रकाना असतो, त्यांतील संख्या तेवढी वाढत जाते. तो रकाना पाहण्याचें सुचेपर्यंत जाळ्याला, तारेला, दूरच्या यंत्राला, सर्वांना दूषणें देऊन झालेलीं असतात.

दुसरा आंकडा म्हणजे गच्चीवरची टाकी. तिचें नांव ‘टी.सी.पी. मेम’. यांतही तीन आंकडे असतात, परंतु ते बाइटांत नसून ‘पानां’त असतात, सर्वसाधारण यंत्रावर एक पान ४,०९६ बाइटांचें. बाइट समजून पानांचा आंकडा लिहिणारे, किंवा त्याच्या उलट करणारे, लोक थोडे नाहींत. आणि चूक लहानसहान नव्हे, चार हजार पटींची होते. यंत्र सुरू होतांना एकूण स्मृति पाहून गाभा हे आंकडे स्वतः ठरवितो. सर्व खोल्यांतील सर्व टी.सी.पी. पिंपें मिळून भरलेली स्मृति दुसऱ्या आंकड्यापलीकडे गेली, कीं गाभा टंचाई जाहीर करून पिंपें वाढूं देण्यांत हात आखडता घेतो. तिसरा आंकडा ओलांडला म्हणजे नवी जागा देणें जवळजवळ बंदच होतें आणि जोडण्या तुटूं लागतात. हा आंकडा खोलीगणिक नाहीं. एका खोलींतील प्रोग्राम गोठला, आलेली पाकिटें उचलीनासा झाला, आणि त्याच्या हजारों जोडण्यांचीं पिंपें काठोकांठ भरून राहिलीं, तर टंचाई पोंचते ती पलीकडच्या निरपराध खोलीपर्यंत. तिथल्या प्रोग्रामचे आंकडे ठीक, त्याची स्मृति ठीक, त्याचें वर्तन ठीक. तरी त्याचा वेग पडतो. इस्पितळाचा अहवाल आणि कोणा दुकानाची जाहिरात एकाच यंत्रावर शेजारीं असतील, तर जाहिरातीच्या खोलींतील गोठलेला प्रोग्राम अहवालाला थांबवूं शकतो. भिंत होती, कुलूप होतें; टाकी एक होती.

यावर उपाय अगदींच नाहीं असें नव्हे. प्रत्येक खोलीनें एकूण किती स्मृति वापरावी याला मर्यादा घालणारी ‘सी-ग्रुप’ नांवाची व्यवस्था लिनक्समध्यें २००८ पासून आहे. तिच्या दुसऱ्या पिढींत, मार्च २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून, जाळ्याच्या पिंपांत गेलेली स्मृतिही खोलीच्याच खातीं धरली जाऊं लागली. प्रत्येक बिऱ्हाडाला नळावर मीटर बसावें तसें हें झालें. खोली आपल्या मर्यादेशीं येतांच टंचाई तिच्याच पिंपांना लागूं होते व बाकीच्या चाळीपर्यंत ती पोंचण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

परंतु मीटर बसल्यावर हिशेब भाडेकरूनेंच ठेवला पाहिजे. एका खोलीला ५१२ मेगाबाइट स्मृति नेमून दिली आहे असें समजा. घेणाऱ्याच्या पिंपाचें कमाल माप सहा मेगाबाइट, आणि एका वेळीं शंभर जोडण्या. सर्व पिंपें काठोकांठ भरलीं तर घेण्याच्या बाजूलाच सहाशें मेगाबाइट लागतील. धाडण्याचीं पिंपें आणि खुद्द प्रोग्रामची गरज वेगळीच. सामान्यतः सर्व पिंपें एकाच वेळीं भरत नाहींत, हें खरें. जवळच्या, वेगवान ग्राहकांच्या जोडण्यांना इतकें पिंप लागतही नाहीं. पण संकट येतें तें नेमकें असाधारण वेळीं, म्हणजे प्रोग्राम गोठून पाकिटें सांचत असतांना. त्या क्षणीं मर्यादा ओलांडली गेली तर सी-ग्रुप खोलींतील प्रोग्रामला मारूनही टाकूं शकतो. अशा खोलींत कोणी उत्साहानें कमाल माप सहावरून चौसष्ट मेगाबाइटांवर नेलें, तर आठ जोडण्याच खोली बुडवावयास पुरेशा आहेत. म्हणून माप वाढवितांना तारेचा वेग व फेरीचा काळ यांचा गुणाकार एका बाजूला मांडावा, जोडण्यांची संख्या गुणिले माप हा गुणाकार दुसऱ्या बाजूला मांडावा, आणि पहिल्याला पुरेल असें माप ठेवून दुसरा गुणाकार खोलीच्या मर्यादेंत बसतो कीं नाहीं तें पाहावें. न बसल्यास लांबच्या तारेचें काम निराळ्या खोलींत हलविणें हें माप ताणीत बसण्यापेक्षां पुष्कळदां स्वस्त पडतें.

मोठें पिंप सर्वदा हितकारकच असतें असेंही नाहीं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनीं घरगुती जोडण्यांवरील विलक्षण विलंबाचा छडा लावला, तेव्हां वाटेवरच्या उपकरणांतील अवाढव्य बफरच त्याचें कारण निघाले. पाकिटें हरवत नव्हतीं. रांगेंत कुजत होतीं. खोलीच्या पिंपाची गोष्ट तंतोतंत तीच नसली तरी न उचललेला मजकूर सांचत राहणें तेथेंही शक्य असतें, आणि ग्राहकाला मिळणारें उत्तर मग शिळें असतें.

खोली चालविणाऱ्यानें प्रत्यक्ष कोठें पाहावें? सॉकेटांची, म्हणजे जोडण्यांच्या टोंकांची, यादी देणारा ‘एस-एस’ हा प्रोग्राम ‘एम’ ही खूण देऊन खोलींत चालविला असतां प्रत्येक जोडणीच्या पिंपाचें त्या क्षणींचें माप दिसतें. मागणी केली एक आणि मिळालें दुसरेंच, हा वरचा घोटाळा येथें उघडा पडतो. सगळ्यांची बेरीज देणारी ‘सॉक-स्टॅट’ नांवाची नोंद आहे, तिच्यांत टी.सी.पी.ची एक ओळ असते. ही ओळ वाचतांना विशेष सावध राहावें लागतें. तिच्यांतील ‘इन-यूज’ हा आंकडा त्या खोलींतील चालू जोडण्यांचा असतो. त्याच ओळीच्या शेवटीं ‘मेम’ म्हणून जो आंकडा येतो तो सबंध यंत्राचा असतो, आणि तोही पानांत. पांच जोडण्यांच्या खोलींत बसून ‘मेम’समोर चाळीस हजार पानें दिसलीं, तर तीं त्या पांच जोडण्यांनीं खाल्लेलीं नाहींत. तीं शेजाऱ्यांचीं आहेत, आणि बंद खोलीच्या आंतून गच्चीवरच्या टाकीची पातळी दिसण्याची जी एक फट आहे ती हीच.